माणसाएवढी भुई

१

पंजाबराव उमाळे घसरून पडू नयेत म्हणून त्यांच्या खोलीत गालिचा बसवला, आणि ज्या दुपारी तो बसला त्याच संध्याकाळी ते त्याच्यावर मरून पडलेले सापडले. जळगाव जामोदभर ही बातमी व्हायला बसस्टँडवरचा एक चहा पुरला.

घर नांदुरा रोडवरचं, नवं, गजेंद्रनं बांधलेलं. गजेंद्र हा पंजाबरावांचा एकुलता मुलगा. माणूस इतका हिशेबी, की पाहुण्याला वाढतानाही ही कितवी पोळी ते त्याच्या डोळ्यांत वाचता यावं. घर बांधताना मात्र त्याचा हात सुटला. फरशी अशी गुळगुळीत घातली की तिच्यात पाहून भांग पाडावा. वडनेर भोलजीच्या शेणामातीच्या घरात जन्मभर ताठ चाललेले पंजाबराव या फरशीवर दोनदा आपटले. दुसऱ्या वेळी खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्याच्या पायाखाली काहीतरी धरून ठेवणारं घाला. म्हणून गालिचा: भिंतीपासून भिंतीपर्यंत, मोरपंखी रंगाचा. या गावच्या उन्हात हे म्हणजे उंटाला स्वेटर, असं शेजारी म्हणाले. पण मुलगा बापासाठी करतो म्हटल्यावर तोंडावर कोण बोलणार?

ठाणेदार मंजुश्री ढोले पोचली तेव्हा पंजाबराव पाठीवर पडलेले होते. पाय दाराकडे, डोकं पलंगाच्या पायाशी. डोक्याला टॉवेल गच्च बांधलेला. दारातली गालिच्याची कड उचकटून वर आली होती, आणि ती कड दाबून धरणारी ॲल्युमिनियमची पट्टी दारामागे भिंतीला टेकून उभी होती.

"पाहा म्याडम," गजेंद्र म्हणाला, "पट्टी लावलीच नाई त्या गालिचेवाल्यानं. बाबाचा पाय अडकला अन् डोकं गेलं पलंगाच्या पायावर. सकाळी बाबासंग भांडला होता तो. डाव धरून गेला."

"अडकून पडणारा माणूस तोंडावर पडतो."

"वळले असतीन. मी काय पाहाले होतो? मी गच्चीवर टाकीतलं पानी पाहून राह्यलो होतो."

मंजुश्रीनं टॉवेल हलकेच सैल केला. कवटी मागून फुटली होती. गालिच्यावरचा डाग मात्र चहाच्या बशीएवढाही नव्हता.

"अन् कारागीर तरी कसा!" गजेंद्र पलंगाच्या पलीकडे बोट दाखवत होता. "मापच चुकलं त्याचं. एवढा तुकडा कमी पडला तर तसाच सोडून गेला."

पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये, गालिच्याच्या ऐन मधे, फरशी उघडी होती. लांबट, अरुंद पट्टा. त्याच्या कडा मात्र दोरीनं आखल्यासारख्या सरळ होत्या आणि आत दुमडून नीट चिकटवलेल्या होत्या. मंजुश्रीनं ते पाहिलं आणि तेव्हापुरतं सोडून दिलं.

पंजाबरावांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, बायकांनी भिंतीशी बसवलं होतं. त्या रडत नव्हत्या. नवऱ्याकडे पाहतही नव्हत्या. त्यांची नजर दाराबाहेर, घरामागे जाणाऱ्या बोळीत रुतून बसली होती.

२

गालिचेवाला नागसेन वाकोडे ठाण्यातल्या बाकावर बसला होता. तो खामगावचा. मंजुश्रीला तो अनोळखी नव्हता, आणि हीच अडचण होती.

गेल्याच आठवड्यात तो तिच्या क्वार्टरवर माप घ्यायला आला होता. तिच्या आईच्या गुडघ्यांना गार फरशी सोसत नाही, म्हणून एक खोली झाकायची होती. टेप बाहेर काढायच्या आधी त्यानं इतके प्रश्न विचारले, की हवालदार कडूबा म्हणाला होता, "म्याडम, ह्यो गालिचा बसवायला आला का सोयरीक जमवायला?" आई रात्री कोणत्या अंगानं उठते, काठी कोणत्या हातात धरते, दार आत उघडतं की बाहेर. मग अंदाज सांगितला: गालिच्याच्या रुळाची रुंदी एवढी, सांधा पलंगाखाली लपवतो, चालायच्या वाटेत सांधा येऊ देत नाही, कापण्यात थोडा वाया जाईल तो धरूनच चला. मंजुश्रीनं घासाघीस केली. तो हसला, आणि उमाळ्यांचं काम उरकून येतो म्हणाला.

असा माणूस दारातली पट्टी विसरेल? विसरेलही. माणसं घरचं लग्न विसरतात. पण गजेंद्रची तक्रार विसरण्याची नव्हतीच. त्यानं लिहून दिलं होतं, की म्हाताऱ्यावर डूख धरून पट्टी मुद्दाम काढून ठेवली. गजेंद्रच्या ओळखी तालुक्यात कोठवर आहेत, हे सांगणारे दोन फोन संध्याकाळीच येऊन गेले होते. उद्या दुपारी नागसेनला कोर्टापुढे उभं करायचं होतं, आणि एकदा आत गेला की सुटका लवकर नव्हती. सुटला तरी म्हाताऱ्याला मारणारा गालिचेवाला कुणाच्या घरात पाय ठेवणार?

"पट्टी लावली होती?" मंजुश्रीनं विचारलं.

"लावली होती म्याडम. चार स्क्रू. मीच कसले."

"आणि भांडण? सून सांगते, तुझा आणि म्हाताऱ्याचा आवाज वरपर्यंत येत होता."

"भांडन नाई. त्याहिले ऐकू येत नव्हतं. कानातली मशीन ते काढूनच ठेवत. मी वरडलो नसतो तर बोललो कसा असतो?"

"काय बोलत होता?"

नागसेननं मान खाली घातली. "कामाचं."

"एवढा वेळ?"

"त्याहिनं सांगतलं होतं, कोनाले सांगू नको. त्याइच्या बाईले तेवढं माहीत हाय."

"बाबा रे, तुझं आयुष्य पणाला लागलंय. कुणाची गुपितं राखतोस?"

"सांगतलं तं तुम्ही सोडान मले," तो म्हणाला, "पन मंग मले कोनी घरात घेनार नाई."

कडूबानं चहा पुढे केला तो तसाच निवला.

३

दुसऱ्या दिवशी मढं दवाखान्यातून आलं आणि दुपारच्या आत पंजाबरावांना अग्नी दिला. कडूबा मसणात गेला होता. परतलेल्या माणसांच्या मागोमाग तो घरी आला, तेव्हा मंजुश्री खोलीच्या दारात उकिडवी बसली होती.

"काय गावलं म्याडम?"

"हे पाहा." तिनं उचकटलेली कड बोटांनी खाली दाबली. गालिच्याचे धागे सगळीकडे उभे होते. कडेला मात्र पट्टीच्या रुंदीएवढी एक रेघ चेपून आडवी झाली होती. वर दगड राहिला की खालचं गवत होतं, तशी. त्या रेघेत चार जागी गोल भोकं. "पट्टी लावली नसती तर हे धागे उभे असते. ती घट्ट कसली होती. कुणीतरी नंतर काढली. आणि म्हाताऱ्याच्या पायानं निघाली म्हणावं, तर फरशीत स्क्रू धरणारे प्लास्टिकचे गट्टू स्क्रूसकट उपटून आले असते. ते जागच्या जागी आहेत."

"म्हंजी पेचकसानं."

"पेचकसानं, सावकाश. आता सांग, स्क्रू कुठं आहेत?"

कडूबानं खोलीभर नजर फिरवली. स्क्रू कुठंच नव्हते.

मंजुश्री स्वयंपाकघरात गेली. तिथे गजेंद्रची बायको गार्गी ओट्याला टेकून उभी होती. ती अकोल्याची, बोलायला चटपटीत. एका रात्रीत निम्मी झाली होती.

"तुम्ही भांडण ऐकलं म्हणता. शब्द कोणते होते?"

"शब्द नाही कळले. आवाज नुसता. मग दुपारी जेवणं झाली, कारागीर गेला, नणंदबाईही बसनं वडनेरला गेल्या. मी चार वाजता भिशीला गेले. आले तर हे असं."

"घरात मागे कोण होतं?"

"हे, सासूबाई अन्... मामंजी."

"बरं, एक स्क्रू मिळेल का? माझ्या चष्म्याची दांडी हलते."

हा थाप मारायचा प्रकार होता, पण मंजुश्रीला माणूस वाचता येत होता. गजेंद्रसारख्याच्या घरात असा डबा असणारच. गार्गीनं फळीवरून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढून दिला. मोडके खिळे, कडी, बिजागरी, सायकलचा वाल्व्ह. दुसऱ्या घरानं कधीच फेकलं असतं ते सगळं त्यात होतं. आणि सगळ्यांच्या वर, गंजाचा स्पर्शही नसलेले चार नवे स्क्रू. त्यांच्या आट्यांत मोरपंखी धागे अडकलेले.

बापाच्या मरणाचा देखावा मांडतानाही कुणाला तरी चार चांगले स्क्रू फेकवले नव्हते.

"कुणी ठेवले हे?"

गार्गी स्क्रूंकडे पाहत राहिली. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिचा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला.

परसात पंजाबरावांची मुलगी सुचिता तोंड धुवत होती. तिला विचारल्यावर ती म्हणाली, "सोमवारी बाबा रजिस्ट्री करनार होते. वडनेरचं विहिरीचं वावर माह्या नावानं. मी नको म्हनलं होतं. बाबा ऐकतीन तवा ना!"

"गजेंद्रना माहीत होतं?"

"मी नाई सांगतलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन बाबाचं बोलनं हळू थोडीच होतं. कमी ऐकू येनारा मानूस. सगळ्या गल्लीले माहीत."

आतून बायकांची कुजबुज आली. एक म्हातारी आत्या वच्छलाबाईंना विचारत होती, "वच्छे, दिवा इथं काऊन लावला वं?"

मंजुश्री आवाजाच्या दिशेनं गेली. मागच्या बोळीच्या टोकाला कोठीची खोली होती. तुरीची पोती, पत्र्याच्या मोठ्या कोठ्या, आणि मधल्या भुईवर पसरलेलं पीठ; त्यावर तेवणारा दिवा, शेजारी उपडी टोपली. मढं उचललं की जिथं जीव गेला तिथं हे करायचं. मसणातून परतलेल्यांनी टोपली उचलून पिठात काय उमटलं ते पाहायचं: पाऊल, पाखरू, किड्याची वाट. जीव कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून.

"खोलीत गालिचा हाय ना बाई," वच्छलाबाई खाली पाहत म्हणाल्या. "पीठ सांडते, तेल सांडते. खराब होते."

"बरोबरच हाय आईचं," गजेंद्र मागून घाईनं म्हणाला.

आत्यानं मान डोलावली. पण कडूबा मंजुश्रीच्या कानाशी आला. "म्याडम, मसणातून आल्यावर ह्यो दिवा दिसला तवा गजेंद्रभाऊंचं तोंड पाह्यला पायजे होतं. दिवा नव्हं, साप दिसल्यावानी."

४

"नागसेन," मंजुश्री ठाण्यात येऊन बाकावर त्याच्या शेजारीच बसली, "मी आता भांडणाचं विचारत नाही. मापाचं विचारते. पलंगाजवळचा तुकडा तुला कमी पडला?"

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग आला. चोर म्हणवून घेताना आला नव्हता. "कमी? मले? रूळ उरला हाय म्याडम त्याइच्या घरी, जिन्याखाली पाहा."

"मग कापलास का? कडा दुमडून चिकटवल्यास, म्हणजे मुद्दाम कापलास."

त्यानं दाराकडे पाहिलं.

"तुझी भीती मला कळते असं मी म्हणणार नाही. पण तासाभरात तुला कोर्टात न्यायचंय. तिथे गजेंद्र म्हणेल, बघा, माप चुकवणारा कारागीर. आणि तू मान खाली घालून बसशील."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली. ती आपल्यासाठी आहे असं नागसेनला वाटलं असावं. त्यानं हात गुडघ्यांवर घासले.

"पयल्या दिवशी माप घेतलं ना," तो म्हणाला, "तवा त्याहिनं मले जवळ बोलावलं. म्हनले, सगळं झाकू नको. मले गालिच्यावर मराचं नाई. आमच्यात जीव जाताना मानसाले भुईवर उतरवतात. मले जिथं उतरवतीन तेवढी भुई ठेव. मंग ते स्वतःच झोपले फरशीवर. खुबा दुखत असूनई. मले म्हनले, घे माप."

कडूबाच्या हातातली फाइल खाली आली.

"मी घेतलं. जित्या मानसाचं. काल सकाळी कापाच्या वेळी त्याहिनं पुन्हा सांगतलं, इकडून थोडी जास्त ठेव, दिवा लावाले जागा पायजे. तेच वरडून बोलून राह्यलो होतो. बाई त्याइच्या कानात सांगत होती. पोराले अन् सुनेले सांगू नका म्हनले, हसतीन ते. अन् त्याच दिवशी मानूस गेला. आता सांगतलं की लोक म्हनतीन, मरनाची जागा कापून देते हा. ज्याच्या घरी कापते, तो दिवस मावळू देत नाई. कोन बोलावन मले?"

मंजुश्री उठली.

"दिवा लावायला जागा," ती स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. "म्हाताऱ्यानं दिव्यासाठी जागा ठेवून घेतली. गालिच्यात. बायकोसमोर."

"म्हंजी पीठ सांडायचं कारण खोटं," कडूबा म्हणाला.

"पीठ पडणार कुठं, कडूबा? फरशी उघडी आहे तिथं. त्याचसाठी उघडी आहे. तरीही त्या बाईनं दिवा धान्याच्या खोलीत लावला." तिनं टोपी उचलली. "कोर्टात कळवा, थोडा उशीर होईल."

५

कोठीच्या खोलीत दिवा एकटाच तेवत होता. मंजुश्री वाकून पोत्यांच्या बुडाला हात लावत चालली. एका पोत्यापाशी तिचा हात थांबला.

"ओलं आहे."

कडूबा शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं हात लावून पाहिला आणि चिडलाच. "धान्याच्या खोलीत पाणी? आमच्या आईनं हात मोडला असता. इथं कुणी फडकंबी ओलं आणत न्हाई."

दोघांनी पोतं ओढलं. खालच्या बाजूला गोणपाटावर ओलीबरोबर एक कळकट लाल कड चढली होती. फरशी धुऊन निघते. तिच्यावरचं पोतं मात्र जे पितं ते धरून ठेवतं. पोत्याला लागून असलेली पत्र्याची कोठी मंजुश्रीनं पाहिली. तिचा कोपरा पंजाबरावांच्या डोक्याच्या उंचीला होता, आणि बाकीची कोठी धुळीनं माखलेली असताना तेवढाच लखलखत होता.

"काय चाललं हे?" दारात गजेंद्र. त्याच्यामागे सुचिता, गार्गी, आणि बायकांच्या आधारानं वच्छलाबाई. "सुतकाच्या घरात पोती उपसता?"

मंजुश्रीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मावशी, दिवा इथं काऊन लावला?"

"सांगतलं ना बाई. गालिचा..."

"बाबांनी गालिच्यात भुई ठेवून घेतली होती. तुम्हीच त्यांच्या कानात नागसेनचं बोलणं सांगत होतात."

गजेंद्रनं आईकडे वळून पाहिलं. हे त्याला नवीन होतं. ज्या पट्ट्याला तो कालपासून चुकलेलं माप म्हणत होता, तो काय होता ते त्याला आत्ता कळत होतं.

"आई, तू आत जाय."

"थांबा," मंजुश्री म्हणाली. आवाज चढवला नाही. "गडबडीत राहून गेलं असेल. हरकत नाही. बाबांनी जागा राखलीच आहे, तर आपण दिवा तिकडे नेऊ. मी नेते."

ती वाकली आणि तिनं दिव्याला हात घातला.

वच्छलाबाईंनी तिचं मनगट धरलं. त्या वाळक्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"नको लावू हात! तिकडं नको नेऊ. तिकडं कोनी मेलं नाई."



"आई!" गजेंद्र म्हणाला.

"मी तुह्यासाठी सगळ्या दुनियेले खोटं सांगतलं," म्हातारी त्याच्याकडे न पाहता बोलली. "पोलिसाले सांगतलं, पोरीले सांगतलं. पन त्याइले कसं सांगू? जीव इथं गेला. त्याइनं दिवा कुठं पाहाचा? तिकडं लावला असता तं ते घरभर फिरले असते, दिसत नाई, ऐकू येत नाई..."

"मी फक्त ढकललं," गजेंद्र म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "सोमवारी वावर हिच्या नावावर होनार होतं. मी म्हनलं, काऊन? ते ऐकेच ना. मशीन कानात घालेच ना. मी ढकललं. कोठीवर पडले. मी काय मारलं?"

सुचिता भिंतीला टेकली. "सही मागितली असती तं मी देल्ली असती रे, दादा."

"मावशी," मंजुश्री हळूच म्हणाली, "पडल्याबरोबर गेले?"

वच्छलाबाई खाली बसल्या. पिठापाशी. त्यांनी मांडी घातली आणि त्या मांडीकडे पाहिलं, तिथं अजून काही असल्यासारखं.

"नाई. मी डोकं घेतलं होतं मांडीवर. डोळे उघडे होते. दवाखान्यात नेऊ म्हनलं, तं हा म्हने थांब. मले म्हने, तू धरून ठेव. अन् हा पेचकस घेऊन तिकडं गेला." त्यांनी बोळीकडे पाहिलं, पहिल्या संध्याकाळी पाहिलं होतं तसंच. "याले पट्टी काढाले जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ ते होते."

गार्गी तोंडावर हात धरून बाहेर गेली. गजेंद्र उभाच होता. कडूबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, की पोतं उन्हात टाका, तूर खराब होईल.

६

नागसेन त्याच संध्याकाळी सुटला. त्याची भीती मात्र खरी निघाली. महिनाभर त्याचा फोन वाजला नाही. खामगावात पोरं त्याला लांबून दाखवत: मरणाचं माप घेणारा तो हाच.

मग फोन वाजायला लागला. बोलवायचे ते मुलगे आणि सुना, नव्या घराच्या, गुळगुळीत फरशांच्या. खोली किती, रूळ किती, वाया किती जाईल, हेच सगळं. तो माप घेऊन निघायला लागला की मागून कुणी म्हातारा नाहीतर म्हातारी दारापर्यंत काठी टेकत यायची आणि मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारायची, "तिथं थोडं मोकळं ठेवता येईन का बापू?" तेव्हापासून तो अंदाज सांगतानाच तेवढी जागा वजा धरतो. कारण विचारलं तर म्हणतो, कापण्यात जाते.

मंजुश्रीच्या आईनं आपल्या खोलीत गालिचा नकोच म्हणून सांगितलं. लोकरीचे मोजे घे म्हणाली.

उमाळ्यांच्या घरी नागसेन एकदाच गेला, राहिलेली पट्टी बसवायला. त्याचे चार स्क्रू कोर्टात जमा होते, म्हणून त्यानं नवे आणले. गजेंद्र तुरुंगात होता, गार्गी अकोल्याला माहेरी. आईला वडनेरला न्यायला सुचिता दोनदा येऊन गेली होती. वच्छलाबाई गेल्या नाहीत. मुलाविरुद्ध साक्ष द्यायची होती, ती दिल्याशिवाय कुठं जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्याच होत्या.

पट्टी कसून झाली. नागसेन उठला. पलंगापलीकडचा उघडा पट्टा पाहून त्याला कसंतरीच झालं.

"बाई, जिन्याखाली रूळ उरला हाय. ही जागा झाकून देऊ? सांधा दिसनार नाई."

"राहू दे."

"कामाची तं नाई राह्यली."

वच्छलाबाई पट्ट्याच्या कडेला आल्या. गालिच्याची कड त्यांनी पायाच्या अंगठ्यानं चाचपली, मग हळूहळू खाली टेकल्या आणि नवरा झोपला होता तशा त्या फरशीवर आडव्या झाल्या. डोकं खिडकीकडे. पायाशी चांगली वीतभर जागा उरली.

"पुरते," त्या म्हणाल्या.

नागसेन पेचकस हातात धरून उभा राहिला.

"मापाचं काई नाई रे बापू. भुई हाय." त्या छताकडे पाहत होत्या. "उतरवनारं कोन, तेवढं पाहाचं राह्यलं."

त्यांना उठायला हात हवा होता. त्यानं दिला.